बाटलीताईने दिलेले चार दिवस

अणुवीज केंद्रात तिला सगळे बाटलीताई म्हणत. आवारात शिरताना दोन फाटकं लागत. दुसऱ्या फाटकाशेजारच्या खोलीत ती गेली एकोणीस वर्षं कामगारांच्या लघवीचे नमुने घेत होती. तिच्या हुद्द्याचं कागदावरचं नाव भारदस्त होतं, पण सासूने पहिल्याच दिवशी नाक मुरडलं होतं, "एवढं शिकून हेच का?" तेव्हापासून तिने आपलं काम कुणाला समजावून सांगणं सोडून दिलं.

रोज सकाळी संगणक कुठलेही दहा-बारा नंबर काढायचा. त्या माणसांना हातातलं काम सोडून यावं लागे. ती त्यांचे खिसे रिकामे करून घ्यायची, संडासातला नळ बंद करायची, भांड्यात निळा रंग टाकायची, म्हणजे कुणी नमुन्यात पाणी मिसळू नये. पेला हातात आला की त्याच्यावरची पट्टी बघून तो अंगाइतका गरम आहे ना, हे चार मिनिटांच्या आत पाहायचं. मग त्या माणसाच्या डोळ्यांदेखत दोन बाटल्या, दोन सीलं आणि सही. गांजा, नशेच्या गोळ्या, सगळं त्यात सापडे.

"ताई, लॉटरीत कधी लागला नाही नंबर, आणि इथे वर्षात तिसऱ्यांदा!" फिटर कुरकुरायचा.

"मग बक्षीस घेऊन जा की. पेला धुऊन देते."

तिचा धाकटा भाऊ तिथेच नियंत्रण कक्षात ऑपरेटर होता. तो सात वर्षांचा असताना आई गेली आणि सोळा वर्षांच्या ताईने त्याची वेणीफणी सोडून सगळं केलं, असं ती हसून सांगे. इथला अर्जही तिनेच आणून त्याच्यापुढे ठेवला होता. तो चव्वेचाळीस वर्षांचा झाला तरी ती त्याला बाळ्याच म्हणायची.

आठ महिन्यांपूर्वी त्याची बायको कॅन्सरने गेली. ताई दर रविवारी त्याच्याकडे जाऊन घर आवरून द्यायची. अशाच एका रविवारी भावजयीचे स्वेटर बाहेर काढताना मागे औषधाचा डबा हाताला लागला. शेवटच्या दिवसांतल्या, जबर दुखण्यावरच्या गोळ्या. मेलेल्या माणसाची औषधं कपाटात राहतात, त्यात नवल नाही. पण डब्यात जेवणाच्या बिलाच्या मागे लिहिलेलं एक टिपण होतं, बाळ्याच्या अक्षरात. त्यावर तारखा होत्या. शेवटची काल रात्रीची.

तो स्वयंपाकघरात भांडी विसळत होता. तिने डबा ओट्यावर ठेवला.

"किती दिवस?"

"दीड महिना. अर्धीच घेतो ग. झोपच लागत नाही." त्याने नळ बंद केला. "ड्यूटीच्या आदल्या रात्री घेत नव्हतो आधी."

"आधी?"

त्याने हात पुसले. मग म्हणाला, "उद्या सकाळी केंद्राच्या डॉक्टरांकडे जाऊन सांगून टाकतो. आपणहून सांगितलं तर रजा देतात, उपचार करतात, जागा राखून ठेवतात. तूच सांगितलं होतंस ना?"

सांगितलं होतं. पण यादीत नंबर आल्यावर सांगितलं, तर ते धरत नाहीत. हेही तिला ठाऊक होतं. आणखीही एक गोष्ट ठाऊक होती, जी त्या घरात दुसऱ्या कुणाला ठाऊक असण्याचं कारण नव्हतं: अशा गोळ्या अंगातून किती दिवसांत निघून जातात.

"थांब," ती म्हणाली. "सांगितलंस की कायमचा शेरा बसतो. आजपासून घेऊ नकोस. रजा टाक, पाणी पी भरपूर. चार दिवस. गुरुवारी संध्याकाळी तू स्वच्छ. कुणाला कळायचंही नाही."

"रजा शिल्लक नाही, ताई. हिच्या आजारपणात संपली."

"मग तसाच जा. बाराशे माणसांतून तुझाच नंबर कशाला येतोय?"

त्याने तिचं ऐकलं. लहानपणापासून ऐकतच आला होता. गोळ्या तिने पिशवीत घालून नेल्या. तो तीन रात्री जागा राहिला, सोमवारी कामावर गेला, मंगळवारी गेला.

बुधवारी सकाळच्या यादीत सातवा नंबर त्याचा होता.

नातेवाइकाचा नमुना घ्यायचा नाही, असा नियम होता. तिने दुसऱ्या पाळीच्या बाईला बोलावून घेतलं आणि स्वतः बाहेर बाकावर जाऊन बसली. तो आला. डोळे लाल, दाढी मात्र घोटून केलेली. तिच्याकडे न बघता आत गेला. भिंतीपलीकडून तिला ओळखीचे शब्द ऐकू येत राहिले: खिसे रिकामे करा, हात धुवा, इथे सही करा.

पुढच्या आठवड्यात निकाल आला. फाटकातून आत सोडणारा त्याचा बिल्ला काढून घेतला. दुसरी बाटली बाहेरच्या प्रयोगशाळेत तपासून मागायचा हक्क त्याला होता. त्याने मागितली नाही.

मग डॉक्टरांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. समोर त्याचा लेखी जबाब होता.

"बाई, विचारणं भाग आहे. तुम्हाला हे आधी माहीत होतं?"

तिने जबाबाकडे पाहिलं. उलटा होता, तरी ते अक्षर तिला वाचता आलं. घरात कुणालाही माहीत नव्हतं, असं त्याने लिहिलं होतं. वर्षभराने परत अर्ज करता येतो, पण चौकशीत खोटं बोललेल्याला कधीच नाही. तिने हो म्हटलं, तर तो खोटा ठरणार.

"नाही," ती म्हणाली.

"वाटलंच मला. तुमच्या नजरेतून सुटला नसता तो." डॉक्टरांनी कागद पुढे सरकवला. "सही करा."

संध्याकाळी ती त्याच्याकडे गेली. तो दारातच उभा राहिला.

"काय म्हणालीस?"

"नाही म्हणाले."

"बरं केलंस."

"बाळ्या, मला आत येऊ दे. मी तुला..."

"ताई, मी सोमवारी सांगणार होतो ग," तो म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. "आता काही दिवस नको येऊस."

"किती दिवस?"

त्याने दार हळूच लोटून घेतलं, आणि आतून कडी लावल्याचा आवाज येईपर्यंत ती पायरीवर उभी होती.