शंभरातले नऊ दाणे

सिंदेवाहीच्या एका बियाणे प्रयोगशाळेत सुगंधाबाई रोजीने कामाला होत्या. वीस वर्षं त्यांनी धानाची रोवणी केली. गुडघे दुखायला लागले तेव्हा त्यांचा स्थिर हात पाहून प्रयोगशाळेच्या रीना मॅडमनी त्यांना आत बोलावलं. भिजवलेला दाणा ब्लेडने उभा, नेमका कोंबातून चिरायचा, एवढंच काम. त्यातले जिवंत किती ते पाहायला चिरलेले दाणे मॅडम पाण्यासारख्या दिसणाऱ्या औषधात टाकून अंधाऱ्या, उबदार पेटीत ठेवायच्या.

जूनमध्ये माहेरच्या घराचे कवेलू बदलताना त्यांच्या भावाला, मनसारामला, चुलीवर आढ्याला टांगलेला वाळक्या भोपळ्याचा तुंबा सापडला. तोंड शेणमातीनं लिंपलेलं, आत काळ्या टरफलाचं वासाचं धान. ते त्यांचे वडील नानाजी लावायचे. नानाजी जाऊन पाच वर्षं झाली होती आणि नंतर ते धान कुणी लावलं नव्हतं.

"पाच सालाचं धान उगवते का कुठी?" मनसाराम फोनवर म्हणाला. "माह्याजवळ धानाची एकच बांधी मोकळी हाय. मेलेलं पेरलं तं हंगाम गेला."

"फेकू नको. थोडंसं इकडं पाठव," सुगंधाबाई म्हणाल्या.

मॅडमनी शंभर दाणे मोजून घेतले. "हे चिरले की मरतील, बाई."

"ठाऊक हाय मले."

दुसऱ्या दिवशी भिजलेले दाणे त्यांनी स्वतः चिरले. तीन तासांनी पेटी उघडली. दाणे पांढरेच होते. मग भिंगाखाली एक दिसला, ज्याचा कोंब डाळिंबाच्या दाण्यासारखा लाल झाला होता. आणखी एक दिसला. सगळे मिळून नऊ.

"औषधाले तं रंगच नव्हता. मग लाल कोणं केलं?"

"दाण्यानं. जिवंत दाण्यात डिहायड्रोजनेज नावाची एन्झाइम असतात. ती अन्नातला हायड्रोजन काढून पुढे देतात, त्यातूनच दाण्याला ताकद मिळते. आपलं औषध तो हायड्रोजन मधेच घेतं आणि लाल होतं. मेलेल्या दाण्यात हे काम होत नाही."

"असं करून ते एन्झाइम सरत नाई?"

"नाही. एक काम झालं की दुसऱ्याला मोकळं."

"पाच साल हेच करून राह्यलं?"

"कोरड्या दाण्यात काम जवळजवळ थांबलं होतं. पाणी लागलं आणि पुन्हा सुरू झालं."

सुगंधाबाई बराच वेळ भिंगातून पाहत राहिल्या. नानाजींनी तुंबा लिंपला तेव्हापासून हे एवढंसं काहीतरी तिथं गप्प बसून होतं, पाण्याची वाट पाहत.

"आपल्याही आंगात असते?"

"तुमच्या, माझ्या, त्या भिंतीवरच्या पालीच्याही."

त्यांनी आपला हात उलटासुलटा करून पाहिला. वीस वर्षं त्या हातानं रोवणी केली होती. आत काय चाललंय ते त्यांना आज कळत होतं.

संध्याकाळी त्यांनी भावाला फोन केला. "शंभरात नऊ जिते हायेत. दाट पेर."

दहाव्या दिवशी त्या बसनं गावी गेल्या. वाफ्याचा बराचसा भाग उघडाच होता. पण मधूनमधून हिरवी पाती वर आली होती. मनसाराम बांधावर नुसता बसून होता.

"काहून असा बसला?"

"पाहून राह्यलो," तो म्हणाला.

सुगंधाबाईही त्याच्या शेजारी बसल्या. परतीची बस गेली तरी दोघं उठली नाहीत.