शैलाचा दुसरा रिपोर्ट

शैलाला औषध लागू पडणार नाही, हे तिच्या आधी मला कळलं.

तिचं सॅम्पल माझ्याच टेबलावर आलं होतं.

मी इथे परदेशात एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रक्ताच्या कॅन्सरच्या तपासण्या करायचे. गेल्या महिन्यात रिटायर झाले. आज शैलाला जाऊन वर्ष झालं. नोकरीत असते तर हे लिहिता आलं नसतं.

शैला पासिर रिसला राहायची, मी शेजारच्या टॅम्पिनीसला. वीस वर्षांची मैत्री. मी तिला सतत ओरडायचे, म्हणून ती मला 'हेडबाई' म्हणायची.

तिला लिम्फोमा, म्हणजे गाठींचा कॅन्सर, झाला. पहिल्या वेळी अँटिबॉडीचं औषध दिलं. हे औषध कॅन्सरच्या पेशीवरची एक ठरावीक खूण शोधतं आणि तिला चिकटतं. मग शरीर त्या पेशीला मारतं.

गाठी गेल्या. केससुद्धा गळले नाहीत. "लोकांना वाटतं मी नाटक करतेय," शैला म्हणायची.

दीड वर्षाने मानेत परत गाठ आली.

"त्यात काय एवढं? तेच औषध घ्यायचं. चार आठवडे, चार डोस. मग नाशिक," शैला म्हणाली.

नाशिकला तिच्या मुलीचे दिवस भरत आले होते. पहिलं बाळंतपण. तिकीट काढून झालं होतं. आता डोससाठी ते पुढे ढकलायचं तिने ठरवलं.

गाठीतलं सॅम्पल मी मशीनवर लावलं.

कॅन्सरच्या पेशी होत्या. खूण नव्हती.

वाटलं, माझीच चूक. परत लावलं. मग वाटलं, जुनं औषध अजून खुणेवर बसलं असेल, म्हणून ती झाकली गेली. पण शेवटचा डोस होऊन वर्ष उलटलं होतं. दुसऱ्या पद्धतीने तपासलं.

नव्हतीच.

खूण असलेल्या पेशी पहिल्या वेळी मेल्या. नसलेल्या थोड्या मागे राहिल्या आणि त्याच वाढल्या. आता औषध आलं तरी ते कशाला चिकटणार?

रिपोर्टवर सही करून तो पुढे पाठवला. त्या दिवशी डबा उघडला नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही हॉकर सेंटरवर, खाण्याच्या स्टॉल्सपाशी, भेटलो. डॉक्टरांची अपॉइंटमेंट अजून दोन दिवसांनी होती. शैला आइस कचांग घेऊन बसली. किसलेला बर्फ, वर लाल-हिरवं सरबत.

"काय गं हेडबाई, माझं सॅम्पल तुझ्याकडेच येतं ना? काय निघालं?"

"रिपोर्ट डॉक्टर सांगतात."

"हो, हो. तू नियमाची पक्की."



दोन चमचे खाऊन ती थांबली. माझ्याकडे बघत राहिली.

"मी उघड्यावरचा बर्फ खातेय आणि तू ओरडली नाहीस."

तीस वर्षांच्या नोकरीत मी एकदाच नियम मोडला. तो तेव्हा.

"शैला, तिकीट पुढे ढकलू नकोस."

तिने एकही प्रश्न विचारला नाही. बर्फ वितळून गेला.

"बरं," ती म्हणाली. "मग डिंकाचे लाडू करायला हवेत. रविवारी येशील?"

गेले. दोघींनी लाडू वळले. विषय तिनेही काढला नाही, मीही नाही.

तोपर्यंत डॉक्टरांनी तिला सगळं सांगितलं होतं. आता केमो देऊन बघू, म्हणाले. "आल्यावर बघू," ती म्हणाली.

नाशिकहून फोन आला. "मुलगी झाली गं! काय आवाज आहे! अख्ख्या बिल्डिंगला दम देते. अगदी तू."

नऊ दिवस तिने नातीला स्वतःच्या हाताने आंघोळ घातली. दहाव्या दिवशी शैलाला ताप भरला. ती परत आलीच नाही.

इथे थांबून केमो घेतली असती तर काही महिने जास्त मिळाले असते का? मला माहीत नाही. तिच्या डॉक्टरांना विचारू शकले असते. मी रिटायर होईपर्यंत ते लिफ्टमध्ये भेटत होते. विचारलं नाही.

ती नाशिकला निघाली त्या दिवशी मी तिला सोडायला चांगीला गेले नाही. ड्यूटी होती. बदलून मागितली असती तर मिळाली असती.

मागितली नाही. एअरपोर्टवर तिने माझ्या तोंडाकडे बघितलं असतं.

तो निरोप राहिला, शैला. आज इथे, सगळ्यांसमोर देते.

सांभाळून जा.