हैदराबादहून आणलेली ब्यूक

मोतीराम तायडे गाड्या आणायचा. अकोल्यात कुणी विचारलं, हा माणूस करतो काय, तर लोक एवढंच सांगत. संस्थानं गेली, जहागिरी गेल्या, आणि कुठं हैदराबाद, कुठं इंदूर, कुठं जबलपूर, अशा ठिकाणच्या मोठ्या घरांतल्या मोटारी विकायला निघाल्या. अकोल्याचे ओमप्रकाश शेठ त्यांचा सौदा इथं बसून पत्रांवर अन् तारांवर करत. मग मोतीराम रेल्वेनं जायचा, मोटार पाहायचा, आणि ठीक वाटली तर दोन-तीन मुक्काम करत चालवत घेऊन यायचा.

तो मूळचा वलगावचा. लढाईत लष्करात ड्रायव्हर होता. आसामच्या डोंगरात ट्रक चालवून परत आला, तेव्हा गावात त्याला चालवायला बैलजोडीसुद्धा नव्हती. अशा वेळी ओमप्रकाश शेठनी त्याला हाताशी धरलं. शेठनी त्याला जात विचारली नाही, लायसन विचारलं. ही गोष्ट मोतीराम कधी विसरला नाही, आणि पुढं त्याची जी ओढाताण झाली ती बरीचशी यामुळंच झाली.

सुरुवातीची वर्षं चांगली गेली. शेठची मोटार कुणी वकील घेई, कुणी डॉक्टर, कुणी कापसाचा व्यापारी. आपण आणलेली गाडी अमरावतीच्या जयस्तंभापाशी धुऊनपुसून उभी दिसली की मोतीरामला बरं वाटे. पण पुढं लहान, नव्या मोटारी निघाल्या. आठ सिलिंडरची पेट्रोल पिणारी जुनी धुडं कुणाला नको झाली. शेठनी मग धंदा फिरवला. गाडी आणायची आणि तोडायची. इंजिन विहिरीवर पाणी ओढायला जाई. आस आणि चाकं टायरच्या बंडीला लागत. गाद्या फोटो स्टुडिओत, पत्रा भंगारात. सबंध गाडीपेक्षा तोडलेली गाडी जास्त विकली जाऊ लागली.

अडचण एकच होती. ज्यांच्या घरात गाडी पंचवीस वर्षं नांदली, ते लोक तोडणाऱ्याला ती देत नसत. म्हणून शेठनी मोतीरामला सांगून ठेवलं होतं, "अमरावतीचे एक डाक्टर आहेत, हौशी आहेत, घरी वापरायले पायजे, एवढंच बोलायचं. बाकी कायी नाई."

मोतीराम तेवढंच बोलायचा. त्याचा चेहरा असा होता की लोक पुढचं विचारत नसत. शेठही ते जाणून होते. दुसऱ्या एखाद्या माणसाला पाठवलं तर सौदा अडे, मोतीराम गेला की सुटे.

छप्पन साली तो बायकोला, दुर्गाबाईला, घेऊन नागपूरला गेला आणि दीक्षा घेऊन आला. त्यानंतर दर रविवारी वस्तीतल्या विहारात सगळ्यांबरोबर उभा राहून तो पंचशील म्हणे. खोटं बोलणार नाही, ही ओळ आली की त्याचा आवाज बारीक होई. शेजारी उभ्या दुर्गाबाईच्या ते ध्यानात आलं होतं.

एकोणसाठ सालच्या दिवाळीनंतर शेठनी त्याला हैदराबादला पाठवलं. एका जहागीरदाराची ब्यूक होती, गर्द हिरवी, लढाईच्या आधीची. जहागीरदार वारले होते, मुलं हवेली विकून कराचीला निघाली होती. गाडी दाखवायला त्यांचा जुना ड्रायव्हर रहीमुद्दीन होता. साठीच्या पुढचा, बारकासा, शेरवानीची बटणं गळ्यापर्यंत लावलेला. तो नांदेडचा असल्यामुळं त्याला मराठी येत होती.

"कोण घेणार आहे हिला?" त्यानं विचारलं.

"अमरावतीचे एक डाक्टर आहेत," मोतीराम म्हणाला. "हौशी आहेत. घरी वापरायले पायजे त्याइले."

म्हाताऱ्यानं त्याच्याकडं नीट पाहिलं आणि मान हलवली. मग तो मालकाच्या मुलांना म्हणाला की द्या, माणूस बरा आहे.

कागद झाले. निघताना रहीमुद्दीन आपली वळकटी घेऊन शेजारच्या सीटवर येऊन बसला. हवेली गेली तशी त्याची नोकरीही गेली होती. नांदेडला बहीण होती, तिच्याकडं जायचं होतं. वाटेतच आहे, सोडून दे, म्हणाला. मोतीरामला नाही म्हणता येईना.

निजामाबादच्या रस्त्यानं म्हातारा गाडीबद्दल सांगत राहिला. सकाळी तिला घाई केलेली चालत नाही. चढावर आवाज बदलला तरी घाबरायचं नाही, ती तशीच बोलते. मालकांच्या थोरल्या मुलीची वरात हिच्यातूनच निघाली होती, धाकटा मुलगा दवाखान्यात जाईपर्यंत थांबला नाही, हिच्याच मागच्या सीटवर जन्मला. मोतीराम हूं हूं करत होता. त्याला वाटत होतं, एकदाचं नांदेड येऊ दे.

नांदेड आलं. बहिणीच्या दारापुढं गाडी थांबली. रहीमुद्दीन आत जाऊन आला, वळकटी ठेवून आला, आणि पुन्हा शेजारी बसला.

"मी अमरावतीपर्यंत येतो," तो म्हणाला. "डॉक्टरसाहेबांना दोन गोष्टी सांगतो हिच्या. एकदा त्यांचा चेहरा पाहिला की मग परत येईन."

"काहून तरास घेता, चाचा? मी सांगतो ना त्याइले."

"तू सांगशील. पण मला पाहायचं आहे."

हिंगोलीत दोघांनी चहा घेतला. म्हाताऱ्यानं मोतीरामला पैसे देऊ दिले नाहीत. तिथं बोलायला हवं होतं, पण चहा कपात होता, समोर माणूस हसत होता, आणि मोतीरामची जीभ उचलली नाही. गाडी बंद पडावी, काहीतरी मोडावं, असंही त्याच्या मनात येऊन गेलं. ब्यूक मात्र एका सुरात चालली होती.

कनेरगावच्या पुढं पैनगंगेच्या अलीकडं त्यानं गाडी बाजूला घेतली आणि बंद केली. नदीत बायका धुणं धूत होत्या. पलीकडून वऱ्हाड सुरू होतं.

"चाचा, डाक्टर नाई," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"असा कोणी डाक्टरच नाई. शेठ गाडी तोडून विकतेत. इंजिन एकाले, चाकं दुसऱ्याले. मले असं बोलायले सांगतेत, मी बोलतो."

रहीमुद्दीननं शेरवानीचं वरचं बटण काढलं, पुन्हा लावलं.

"हैदराबादला का नाही बोललास?"



"तिथं बोलला असतास तर मी तिला हवेलीबाहेर निघू दिलं नसतं. आता हवेलीला कुलूप लागलं असेल. मुलं मुंबईच्या गाडीत बसली असतील. आता कुठं परत नेऊ मी हिला? बहिणीच्या अंगणात?"

"मले माफ करा."

"माफीचं राहू दे," म्हातारा म्हणाला. "तू इकडं सरक."

मोतीराम सरकला. वाशीममार्गे अकोल्यापर्यंत रहीमुद्दीननंच गाडी चालवली.

ओमप्रकाश शेठ काही वाईट माणूस नव्हते. त्यांनी म्हाताऱ्याला खुर्ची दिली, त्याचं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "चाचा, मी हे सगळ्याइले इचारून पायलं. वकिलाइले इचारलं, गिरणीवाल्याइले इचारलं. फुकट नेतो का म्हटलं तरी माणूस पेट्रोलचा हिशेब करते. उभी ठेवली तं उंदरं गाद्या खाऊन टाकतीन. तुमीच सांगा, मी काय करू?"

शेठ खोटं बोलत नव्हते, हेच वाईट होतं.

त्या रात्री मोतीरामनं त्याला आपल्या खोलीवर नेलं. दुर्गाबाईनं भाकरी आणि तुरीचं वरण वाढलं. पाहुणा कोण, कुठला, असं काही विचारलं नाही. जेवण झाल्यावर म्हाताऱ्यानंच तिला सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली आणि मधेच एकदा तिनं नवऱ्याकडं पाहिलं. त्या पाहण्यावरून, तिला विहारातल्या त्या बारीक आवाजाचा उलगडा झाला होता, हे मोतीरामला कळलं.

दुसऱ्या दिवशी शेठच्या दुकानामागच्या शेडमध्ये तोडणारे दोघं घण आणि छिनी घेऊन आले. तेव्हा रहीमुद्दीन पुढं झाला.

"घण लावायचा नाही," तो म्हणाला. "पाने आणा. मी सोडवतो."

ते हसले. शेठनी हात केला तसे बाजूला झाले. म्हाताऱ्यानं शेरवानी काढून खुंटीला अडकवली, बाह्या वर सारल्या, आणि आधी दिवे काढले. नंतर दारं. प्रत्येक दार काढलं की तो कापडानं पुसून भिंतीला लावून ठेवी. गंजलेल्या बोल्टवर तेल सोडून थांबून राही, पण ठोकत नसे. मोतीराम त्याच्याजवळ बसून पाने देत होता. कधी कधी म्हातारा मागं न पाहता हात पुढं करी आणि बरोबर तोच पाना हातात पडे. तेवढंच काय ते त्यांचं बोलणं.

हे काम आठवडाभर चाललं. शेवटी इंजिन साखळीनं वर उचललं. ते हलायला लागलं तसा रहीमुद्दीननं खालून हात लावला, लहान मुलाला धरावं तसा. चांदूर बाजारचा एक संत्र्याचा बागायतदार बंडी घेऊन आला होता. त्यात गवत अंथरून इंजिन ठेवलं. म्हाताऱ्यानं बागायतदाराला जवळ बोलावलं आणि जे त्या डॉक्टरला सांगायचं ठरवलं होतं, त्यातलं जेवढं विहिरीवर कामाचं होतं तेवढं सांगितलं. बागायतदारानं मान डोलावली. त्याला त्यातलं फारसं समजलं नसावं.

बसच्या अड्ड्यावर मोतीराम त्याला पोचवायला गेला. गाडी सुटायच्या वेळी रहीमुद्दीननं खिडकीतून विचारलं, "पुढच्या घरी काय सांगशील?"

तेवढ्यात बस निघाली.

पुढचं घर इंदूरला होतं. उन्हाळा लागला होता. शेठनी सगळं पत्रानं ठरवलं होतं, मालकीणबाईंनी फक्त माणूस पाहून हो म्हणायचं बाकी होतं. एका जुन्या सरदार घराण्यातल्या कौशल्याबाई, नवरा गेल्यापासून एकट्याच राहणाऱ्या. गाडी डॉज होती, वाड्याच्या देवडीत झाकून ठेवलेली. मोतीरामनं ती चालू करून पाहिली. ठीक होती. बाईंनी त्याला ओसरीवर बसवून सरबत दिलं आणि विचारलं, "कोण वापरणार आहेत?"

त्यानं पेला खाली ठेवला. "वापरणार कोणी नाई, बाईसाहेब. गाडी तोडणार आहेत."

बाईंनी विचारलं, "तुम्ही हे कशाला सांगितलंत?"

"तुमी इचारलं म्हून."

"मग जा तुम्ही," त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. त्या उठून आत गेल्या, आणि मोतीराम अर्धं सरबत तसंच ठेवून बाहेर पडला. खंडव्यावरून रेल्वेनं तो रिकामा परत आला.

शेठनी ऐकून घेतलं. हातातली नट-बोल्टांची काचेची बरणी त्यांनी फळीवर ठेवली. "मोतीराम, तुह्या चेहऱ्यावर माहा धंदा होता," ते म्हणाले. "तूच असं करशीन तं मी कोणाले पाठवू?"

"दुसऱ्याले पाठवा, शेठ."

त्यांनी त्याला काढलं नाही. पण त्यानंतर बोलावलंही नाही. मोतीराम रोज सकाळी दुकानापुढच्या बाकावर जाऊन बसे आणि दुपारी उठून येई. असं करता करता पावसाळा आला. मग त्यानं जाणं सोडलं, खोली सोडली आणि दोघं वलगावला आले. दुर्गाबाई निंदणाला जाऊ लागली. मोतीराम अमरावतीच्या भाजीबाजारातून कुणाचा ट्रक मिळतो का पाहत हिंडे. कधी मिळे, बऱ्याचदा मिळत नसे. लष्करातून परतलेला, मोटारी हाकणारा माणूस मेथीच्या गठ्ठ्यांवर बसून घरी येतो, हे गावानं पाहिलं. काही जण तोंडावर बोलले. त्यानं मनाला लावून घेतलं, आणि मग त्याचं बोलणंच कमी झालं.

त्याच हिवाळ्यात अकोल्याहून एक ओळखीचा मेकॅनिक, सहदेव, लग्नाचं बोलावणं करायला आला. बोलता बोलता त्यानं इंदूरच्या डॉजचं सांगितलं. बाईंनी ती तिथल्याच एका भंगारवाल्याला देऊन टाकली होती. त्यानं दारातच घण घातला. सगळा आवाज बाईंनी घरात बसून ऐकला म्हणे.

सहदेव गेल्यावर दुर्गाबाई चुलीपाशी बसली होती. ती म्हणाली, "मंग तुमी खरं बोलून काय झालं?"

"कायी नाई झालं."

"गाडी गेलीच. तुमचं काम गेलं. मी लोकाइच्या वावरात निंदून राहिली."

"हो."

तिनं भाकरी उलटली. "रागानं नाई इचारून राहिली मी. मले समजून घ्यायचं हाये."

"त्या बाईनं मले मंग खोटा मानलं नाई," तो म्हणाला. "जा म्हणली, पण खोटा मानलं नाई. रहीमचाचानं मले खोटा मानलं होतं." मग म्हणाला, "बाकी मले बी समजत नाई."

तिनं ताट वाढलं, आणि त्याच्या शेजारी स्वतःचंही वाढून घेतलं.

एकसष्टच्या सुमारास त्याला एस.टी.त ड्रायव्हरची नोकरी लागली, आणि नांदगाव खंडेश्वरची फेरी मिळाली. पहिल्या पगारावर त्यानं नांदेडला, रहीमुद्दीनच्या बहिणीच्या पत्त्यावर कार्ड टाकलं. उत्तर आलं नाही. दिवाळीला चार दिवसांची रजा घेऊन तो स्वतः गेला. बहीण दारात आली. तिनं ओळखलं नाही, मग त्यानं ब्यूकचं नाव काढलं तेव्हा ओळखलं. भाऊ उन्हाळ्यात गेला, म्हणाली. तिनं त्याला आत बसवलं, चहा केला. मोतीराम संध्याकाळपर्यंत तिथं बसला. ती भावाबद्दल बोलत होती, तो ऐकत होता, आणि जाताना त्यानं तिच्या पाया पडून परतीची बस धरली.