सोलरला घातलेला हार

मी शाळेत इतिहास शिकवतो. एवढं सांगितलं की विजेच्या कामातला माझा अधिकार किती, हे कुणालाही कळावं. पण मला स्वतःला ते कळायला चार दिवस लागले, आणि ते चार दिवस माझी थोरली बहीण, आमची अक्का, जीव मुठीत धरून बसली होती.

अक्का मोडनिंबपासून आत, ओढ्यापलीकडच्या वस्तीवर एकटी राहते. दोन खोल्या, वर स्लॅब, दारात दोन शेळ्या. विजेचा शेवटचा खांब ओढ्याच्या अलीकडेच थांबलाय. तिचा मुलगा, म्हणजे माझा भाचा, पुण्यात नोकरीला. गेल्या उन्हाळ्यात अक्काला दुपारी चक्कर आली आणि ती गोठ्यात पडली. तेव्हापासून भाच्याने एकच धोशा लावला, "आई, तू पुण्याला चल." अक्काला पुणे म्हणजे चौथ्या मजल्यावरची खिडकी. ती जायला तयार नव्हती. शेवटी मे महिन्यात त्याने फोनवर निकाल दिला, "मामा, रविवारी मी येतोय. घरात पंखा फिरत असेल तर आई राहील. नसेल तर गाडीत बसेल."

मी तिथल्या तिथे छाती ठोकून म्हणालो, "पंखा? अरे, मी सूर्यच घरात आणून बांधतो!"

सोलापुरात आमच्या पेठेत सोलरचं दुकान आहे. दुकानदार शांत माणूस. त्याने चार पॅनेल, चार ॲसिडच्या बॅटऱ्या, एक पंखा आणि चार्ज कंट्रोलरचं खोकं काढून दिलं आणि म्हणाला, "सर, उद्या माणूस पाठवतो. तासाभराचं काम आहे."

"माणूस कशाला? मी आहे की."

त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी गणितात शून्य मिळवलेल्या पोराकडे पाहतो. मग एक एक शब्द सुटा करून सांगितलं, "आधी बॅटरी जोडायची, मग पॅनेल. बॅटऱ्या हवेशीर ठेवायच्या, त्यांच्याजवळ काडी ओढायची न्हाई. आणि पहिली चार्जिंग पूर्ण होऊ द्यायची. खोक्यावर हिरवा दिवा लागल्याशिवाय पंखा, बल्ब काही जोडायचं न्हाई. बाळंतिणीसारखं जपा सर पहिले दोन दिवस."

हे वाक्य मला इतकं आवडलं, की टेम्पोत बसून मोडनिंबपर्यंत मी ते टेम्पोवाल्याला तीन वेळा ऐकवलं. तिसऱ्यांदा त्याने टेप लावला.

गुरुवारी मी काम केलं. केलं म्हणजे टेम्पोवाल्याने बॅटऱ्या आणि खोकं उचलून खिडकीखालच्या फळीवर ठेवलं, पॅनेल स्लॅबवर चढवून लोखंडी सांगाड्यावर बसवले, खोलीच्या छताला पंखा टांगला, आणि मी खालून "जरा डावीकडे" म्हणालो. वायरी मात्र मीच जोडल्या. पान्याने नट आवळताना एकदा अशी ठिणगी उडाली, की मी उडी मारून थेट शेळ्यांत. अक्का म्हणाली, "व्हय रं, आधी तू नीट ऱ्हा, मग पंखा."

खरी मौज तर पुढे. दसऱ्याला आपण ट्रॅक्टर पुजतो, नवी मोटारसायकल दारात आली की हार घालतो. मग साक्षात सूर्याचं यंत्र तसंच बोडकं ठेवायचं? मी मोडनिंबच्या बाजारातून झेंडूचे चार हार आणले होते. साधेसुधे नाहीत, मनगटाएवढे जाड, पुढाऱ्याच्या गळ्यात शोभावेत असे. प्रत्येक पॅनेलच्या खालच्या कडेला या टोकापासून त्या टोकापर्यंत एकेक हार तारेने पक्का बांधला. शिवाय तेलात शेंदूर कालवून प्रत्येक काचेवर तळहाताएवढं स्वस्तिक काढलं. नारळ फोडला. शेळ्या, अक्का आणि बांधावरची लिंबाची दोन झाडं एवढ्या श्रोत्यांसमोर मी पाच मिनिटं भाषण केलं.

"लई मोठा हार झालाय की," अक्का म्हणाली.

"अक्का, मुहूर्ताला हात आखडायचा नसतो. आणि ऐक, हिरवा दिवा लागल्याशिवाय हा हार काढायचा नाही. मधेच काढला तर अपशकुन."

हा नियम कुठल्या शास्त्रात आहे, हे मला विचारू नका. तो मी त्याच क्षणी केला. आणि अक्का देवाधर्माची, तिने तो पदराला बांधून घेतला.

शुक्रवारी सकाळी मी कंट्रोलरसमोर पाट मांडून बसलो. खोक्यावर बॅटरीत किती करंट जातोय त्याचा आकडा दिसतो. आकडा होता एक. नऊ वाजता एक. दहा वाजता एक. बारा वाजता, जेव्हा अंगणात पाय ठेवला तर तळवा भाजतो, तेव्हाही एक. मग मी वायरी सोडल्या, पुसल्या, पुन्हा जोडल्या. प्रत्येक नट कानाजवळ धरल्यासारखा तपासला. पॅनेलचा कोन बदलला. आकडा थोडा हलला आणि पुन्हा एकावर येऊन बसला. मी बॅटऱ्यांना नावं ठेवली. मग दुकानदाराला.

त्यालाच फोन लावला.

"सर, पॅनेलवर सावली पडतीय का कशाची?"

मी खदखदून हसलो. "अहो, मे महिना आहे! इथं माणसाला सावली मिळेना, पॅनेलला कुठून मिळणार?"

"झाडाची, तारेची, टाकीची?"

"छे! सोन्यासारखं ऊन आहे."

"मग फोटो पाठवा सर."

मी पाठवला. पॅनेलचा नव्हे, बॅटऱ्यांचा. माझ्या मते दोष तिथेच होता. बॅटऱ्यांमागे कुंकू लावलेला नारळ आणि फोटोच्या कडेला मी. त्याने उत्तरात फक्त हात जोडल्याचं चित्र पाठवलं. मी समजलो, कौतुक केलंय.

शनिवारी सकाळी उठलो तर अक्का तिच्या दोन लुगड्यांच्या घड्या घालत होती.  पत्र्याची पेटी उघडी, त्यात देवाचा टाक फडक्यात गुंडाळलेला. मग शेळ्यांना वैरण टाकता टाकता, मला नव्हे, शेळीला म्हणाली, "शेजारची येईल सांजसकाळ. तिला तरास देऊ नगं."

मी चहाची बशी खाली ठेवली. इतका वेळ मी स्वतःच्या अब्रूची काळजी करत होतो. सोलापूरला जाऊन स्टाफरूममध्ये काय सांगायचं, ही माझी चिंता. आणि इथं एक बाई आपलं घर पेटीत भरत होती.

"अक्का, अजून एक दिवस आहे."

"हाय की. म्हणून तर म्हनलं, कुरडया करून जावं. पोराला आवडत्यात."

ती कुरडयांचं पातेलं घेऊन स्लॅबवर चढली. पॅनेलशेजारी जुनं लुगडं अंथरून कुरडया घालू लागली. मी खाली खोक्यासमोर, आकडा एक. तासाभराने वरून हाक आली.

"आरं, हिकडं ये जरा."

गेलो. ती एका कुरडईला बोट लावत होती. "ही बग. बाकीच्या वरनं सुकल्या. ह्या पॅनेलच्या सावलीतल्या तशाच वल्या. बोटभर सावली, पन वली ती वलीच."

"हो, मग?"

"मग तुज्या काचंवर त्यो एवढा हार. त्याच्या खाली ऊन कुटनं जाईल?"

मी समजावणीच्या सुरात, म्हणजे मूर्खासारखा, म्हणालो, "अक्का, एवढी मोठी काच, त्यात हार केवढासा? बाकीच्या काचेवर ऊन आहेच की."

"काडून तर बगू."

"अगं, अपशकुन!"

अक्का उठली. कमरेवर हात ठेवले. "उद्या मला गाडीत घालून न्हेत्यात. ह्याच्यापरीस आनी कसला अपशकुन राहिलाय रं?"

तिने नमस्कार केला आणि पहिला हार तोडला. मग दुसरा. मी जिन्यावरून खाली धावलो. चौथा हार अंगणात पडला तसा आकडा एकावरून सहावर गेला. मी ओरडलो. तिने खोबरेल तेलाच्या चिंधीने शेंदूर पुसायला घेतला. एकेक स्वस्तिक गेलं, आकडा नऊ, अकरा, तेरा. दुकानदाराने नंतर समजावलं, की पॅनेलमधल्या चकत्या एकमेकींना माळेसारख्या जोडलेल्या असतात, खालची ओळ झाकली की सगळ्या पॅनेलचा गळा आवळला जातो. म्हणजे हिरवा दिवा लागल्याशिवाय हार काढायचा नाही आणि हार काढल्याशिवाय हिरवा दिवा लागायचा नाही, असा चोख बंदोबस्त मी एकट्याने केला होता.

रविवारी भाचा अकरा वाजता हजर. दिवा लागला नव्हता. मी त्याला ओसरीवर गाठलं आणि आत पंख्याखाली जेवायला बसवलं. त्याला ताटावरून उठू द्यायचं नाही म्हणून मी सहलीला हरवलेल्या पोरांची गोष्ट सांगितली, मुख्याध्यापकांच्या टोपाची सांगितली, त्यात दोन पात्रं नवीन घातली. अक्का वाढत होती. तिचा हात भाकरीकडे, डोळा खिडकीखालच्या खोक्याकडे.

"मामा, बास. पंखा तर बंदच आहे. आणि ही पेटी भरलीय ना, मग निघू."

"एक कुरडई घे, मग निघ."

"चार खाल्ल्या."

तेवढ्यात अक्काच्या हातातला तांब्या तसाच राहिला. "लागला," ती हळूच म्हणाली.

मी पळत जाऊन पंखा जोडला. त्याने एक गिरकी घेतली, दुसरी घेतली, आणि भाच्याच्या कपाळावरचे केस उडाले. तो वर बघत बसला. मग तिथेच, ताटाशेजारी आडवा झाला आणि तीन तास झोपला. पुण्याहून पहाटे निघालेला पोरगा तो.

उठल्यावर त्याने खोकं पाहिलं, बॅटऱ्या पाहिल्या. शेवटचा मुद्दा राखून ठेवला होता त्याने. "ठीक आहे आई, आत्ता ऊन आहे. पण पावसाळ्यात ढग आले, चार-चार दिवस ऊन नाही पडलं, मग? मग पंख्याचं काय करशील?"

मी तोंड उघडलं. माझ्याकडे बॅटरीच्या क्षमतेवर एक छोटंसं व्याख्यान तयार होतं. पण अक्का आधीच पेटीतून लुगडी बाहेर काढत होती.

"पावसाळ्यात?" ती म्हणाली. "पावसाळ्यात पंखा कशाला लागतोय रं?"