सकाळी सातला मोजलेला वेग

बेंबळीजवळच्या आमच्या गावात शाळेला इंटरनेट उजेडावर आणलं ते मीच, मोठ्या शहाण्यानं. केबल ग्रामपंचायतीपर्यंत आलेली, पुढं आमचं रान आडवं. म्हणून एक पेटी ग्रामपंचायतीजवळच्या पाण्याच्या टाकीवर बसवली, दुसरी शाळेच्या गच्चीवर, समोरासमोर. मधून डोळ्यांना न दिसणारा उजेड जायचा, त्यातूनच सगळी माहिती.

वेग मोजायला ठरावीक आकाराची फाइल एका पेटीतून दुसरीत पाठवायची आणि लागलेल्या सेकंदांनी भागायचं. मी तीनदा मोजला, तिन्हीदा सकाळी सातला, हवा स्वच्छ असताना. त्यातला सगळ्यात मोठा आकडा शाळेच्या फळ्यावर लिहिला. लई मिजास होती मला.

धाकट्या बहिणीला नर्सिंगला जायचं होतं. पसंतीच्या कॉलेजांची यादी ऑनलाइन पक्की करायचा शेवटचा दिवस, पाच वाजेपर्यंत. ती सकाळच्या एसटीनं धाराशिवला निघाली होती. मीच अडवलं. "कशाला हेलपाटा घालतीस? शाळेत दोन मिनिटांत होतंय!"

त्या दिवशी आमच्या रानात सोयाबीनची मळणी होती. मळणीच्या माणसांना जेवायला घालून ती चारनंतर शाळेत बसली, तर पानच उघडेना. मोबाइलला रेंज न्हाय. मी गच्चीवर पळालो. टाकी दिसतच नव्हती! मळणीयंत्राचा धुरळा आभाळाला भिडलेला. सकाळी सातला शेंगा दवानं ओल्या असतात, तवा कोण मळतंय? ऊन तापल्यावरच यंत्र चालतं. शेतकऱ्याच्या घरात जन्मून एवढंही मला सुचू नये? डोंबलाचं माझं शिक्षण!

धावत रानात गेलो. "आण्णा, यंत्र थांबवा!"

वडील खेकसले, "येडा झालास का? आभाळ आलंय. पाळी सोडली तर यंत्र दुसऱ्या गावाला जातंय."

बहिणीचं सांगितलं तवा त्यांनी हात वर करून यंत्र बंद करायला लावलं. पण पेट्यांच्या काचांवर भुसा बसलेला. शाळेवरची पेटी पुसली, टाकीवर चढून दुसरी पुसली. खाली आलो तेव्हा पाच वाजून दहा मिनिटं झाली होती. बहीण बंद झालेल्या पानासमोर तशीच बसून होती. माझ्यावर ओरडली असती तर बरं झालं असतं.

पुढं निवड यादी लागली, ती मी शाळेच्या इंटरनेटवर मोबाइलात उघडली. तिला हव्या त्या कॉलेजात तिच्याहून कमी मार्कांच्या मुलींचे नंबर लागले होते. तिला दिसू नये म्हणून मी मोबाइल खिशात घातला.

ती म्हणाली, "राहू दे दादा. म्या कवाच बघितलीय."