अब्बांचा खांदा आणि विम्याचे दोन महिने

माझ्यावर सगळ्यात मोठं ऋण आहे ते माझ्या अब्बांचं. निजामाच्या राज्यातल्या पोलिस ॲक्शननंतर दोनेक वर्षांनी त्यांचा जन्म झाला. पिशोर या आमच्या गावच्या मराठी शाळेत चौथीपर्यंत शिकले आणि तिथल्याच बाजारात शिलाईचं दुकान टाकून बसले. आमच्या घरात पदवी घेणारा मी पहिला. माझ्या फीचा रुपया न् रुपया त्यांच्या कात्रीनं मिळवलेला आहे.

चिकलठाण्याच्या एका कारखान्यात, हिशेब खात्यात मला नोकरी लागली आणि कंपनीच्या गट विम्यात आई-वडिलांचीही नावं बसली. त्याच वर्षी अब्बा दुकानाच्या पायरीवरून घसरले आणि उजव्या खांद्यावर पडले. शहरातल्या एका मोठ्या दवाखान्यात ऑपरेशन झालं. खर्च विम्यानं दिला. डॉक्टर म्हणाले, "हाड जुळेल. पण हात वर जायचा तर फिजिओथेरपी नेटानं करावी लागेल."

अब्बांनी एकच विचारलं, "कात्री चलेगी ना, साहब?"

"ते व्यायामावर आहे, चाचा."

दवाखान्यातून सुटल्यावर दोन महिन्यांपर्यंतची फिजिओथेरपी विम्यात बसत होती. अट एकच, गरज आहे असं तिथून लिहून मिळायला हवं. अब्बा माझ्या खोलीवर राहिले आणि रिक्षानं जाऊ-येऊ लागले. एकदा रजा काढून मीही सोबत गेलो. फिजिओथेरपी करणारी मुलगी हसतमुख होती.

"चाचा, कसं वाटतंय?"

"अल्ला का शुकर है, बेटा. लई बरं हाय."

तिनं हात वर न्यायला सांगितला. अब्बांनी ओठ आवळून, कमरेतून तिरकं होऊन तो जेमतेम कानापर्यंत नेला. कपाळावर घाम आला.

"दुखतंय का?"

"नाय, नाय. बिल्कुल नाय. तुमचा वेळ घेतो आम्ही उगंच."

मला वाटलं, चांगलं चाललंय. तिलाही तेच वाटलं असावं. तिसऱ्या आठवड्यात तिनं लिहून दिलं की वेदना नाहीत, पुढच्या उपचारांची गरज नाही. विमा तिथंच थांबला. त्या संध्याकाळी अब्बांना आपला सदरा खुंटीला अडकवता येईना.

"अब्बा, तिला दुखत नाही म्हणून कशाला सांगितलं?"

"हाल पूछे तो शुकर बोलना, बस," ते म्हणाले. "लोकां मुफ्त में कर रए, उनकू रोना सुनाऊं? मेहमानानं सालनात मीठ कमी हाय म्हणायचं असतं व्हय रे?"

मी समजावलं की फुकट काही नाही, हप्ता माझी कंपनी भरते, तुमच्यासाठी माझ्या पगारातूनही कापला जातो. त्यांनी मान हलवली, पण पटलं नाही. शेवटी मी कागद घेऊन बसलो. एका बाजूला विम्यातला उपचार लिहिला, दवाखान्यात जाऊन खरं सांगितलं तर तो पुन्हा सुरू झाला असता; त्यात फी शून्य, खर्च फक्त रिक्षाचा. दुसऱ्या बाजूला आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेलं छोटं क्लिनिक, दर खेपेला दोनशे रुपये, सगळे खिशातून. महिन्याची बेरीज बघून माझा चेहरा पडला असावा. अब्बांनी कागद उचलून वाचला आणि म्हणाले, "दोनशे? चल उद्या. पैसे मी देणार."

दुसऱ्या दिवशी त्यांनी आधी पैसे मोजून टेबलावर ठेवले आणि मग खुर्चीवर बसले. तिथली डॉक्टरीण वयस्क होती. तिनं विचारलं, "कसं आहे?"

"कुठं कसं? बिलकूल ठीक नाय," अब्बा म्हणाले. "इथं, बगलेच्या मागं, टाचणी ऱ्हायल्यावाणी टोचतं. वर नेताना दुखतं, पण मागं नेताना जास्त. आन् हे बोट रात्री बधिर होतं."

मी बघतच राहिलो. पुढं रोज हेच चाललं. "काल शेकायची मशीन जास्त वेळ लावली होती, बाई." "हा व्यायाम खोटा हाय, खांद्याला लागतच नाय, दुसरा सांगा." डॉक्टरीण हसून म्हणायची, "चाचा, तुमच्यासारखा कटकट्या पेशंट नाही बघितला. पण तुम्ही सांगता त्यानं मला बरं पडतं, नेमकं कळतं."

"गिऱ्हाईक हूं, मॅडम," अब्बा म्हणायचे. "माझ्या दुकानात गिऱ्हाईक बगलेत तंग हाय म्हणलं, तर मी उसवून देतो. बोललंच नाय तर मला कसं कळावं?"

खर्च झाला, नाही असं नाही. अब्बांचे पैसे संपल्यावर कंपनीचा दिवाळी बोनसही त्यातच गेला. पण अब्बांचा हात तिरकं न होता कानापर्यंत गेला, मग डोक्यावर, आणि एके दिवशी खुंटीपर्यंत पोचला. माझ्या कागदावर विम्याची बाजू अजूनही स्वस्त दिसते. चुकीचा आकडा त्यात एकही नाही. मेहमान आणि गिऱ्हाईक यांतला फरक तेवढा कुठल्याच रकान्यात बसला नाही.

रमजानच्या आधी शिवणाची घाई असते, म्हणून ते पिशोरला परतले. महिन्याभरानं एस.टी.नं एक पुडकं आलं. आत माझ्यासाठी सदरा होता, ऑपरेशननंतर त्यांनी स्वतःच्या हातानं बेतलेला पहिला. फोनवर विचारावं तर अब्बा "शुकर है" म्हणून फोन ठेवून देतात. म्हणून मी पत्र लिहिलं.

"अब्बा, अस्सलाम अलैकुम.

सदरा मिळाला. कापडावर कात्री कुठंही अडखळलेली नाही, हे मी उजेडात धरून बघितलं. अम्मीलाही सांगा. ऑफिसात सगळ्यांना दाखवला.

सोबत शिलाईचे पैसे पाठवतो आहे. परत करू नका. ते अशासाठी की आता मी गिऱ्हाईक झालो आणि मला बोलता येईल. डाव्या बगलेत थोडा तंग आहे. ईदला येतो तेव्हा माझ्यासमोर उसवून द्या. तुमचा हात चालताना मला बघायचा आहे.

तुमचा मुलगा."