भिकूची होडी आणि माझी गाठ

बोटीच्या कठड्यावरून हर्णैचा किनारा पहिल्यांदा दिसला तेव्हा तो मला फारसा आवडला नाही, कारण मी त्या वेळी ओकत होतो. शेजारी उस्मानभाई माझी पाठ चोळत होते. वाशिमला त्यांचं कापडाचं दुकान. दरसाल माल घ्यायला ते मुंबईला जात. यंदा मीच त्यांच्या मागं लागलो होतो, की मले समुद्र दाखवा. माझ्या गावाहून, किन्हीराजाहून, निघून अकोल्याच्या पलीकडं मी कधी गेलो नव्हतो. मुंबईतच पाहून घ्या, जमिनीवरून, असं ते परोपरीनं सांगत होते. पण तिथं समुद्रापेक्षा माणसंच जास्त. मला त्याला एकट्याला गाठायचं होतं, म्हणून आम्ही हर्णैची बोट धरली.

बोट किनाऱ्याला लागत नाही. ती लांब उभी राहते आणि उतारूंना मचव्यात (मोठ्या नावेत) उतरवतात. मचवा वर आला की पाय टाका, असं खलाशानं सांगितलं होतं. मी तो खाली जाताना टाकला आणि एका कोळणीच्या टोपलीत जाऊन बसलो. टोपली रिकामीच हाय, बसा आता, असं ती म्हणाली.

उस्मानभाईंच्या ओळखीच्या व्यापाऱ्याचं घर खाडीकाठी होतं. तिथं आम्ही उतरलो. खाडीपलीकडं रान माजलेली टेकडी, आणि तिच्यामागं निर्मनुष्य पुळण (वाळूचा किनारा). ती पाहायची म्हणून शेजारच्या भिकू कोळ्यानं सकाळी त्याची लहान होडी दिली. त्याचं घर तिच्यावरच चालायचं. नुकतीच तिला पुढच्या बाजूनं नवी फळी बसवलेली. संध्याकाळी जाळं टाकायचंय, तेवढी दुपारपर्यंत आणा, एवढंच तो म्हणाला.

वल्हं मी हातात घेतलं आणि होडी जागच्या जागी गोल फिरू लागली.

"भाऊ, तेलाचा घाणा चालवून राह्यले का?" उस्मानभाईंनी विचारलं.

कसेबसे पलीकडं लागलो. तिथं चिखलात तिवराची (खाऱ्या पाण्यात वाढणारी) झाडं होती. पाणी उतरल्यामुळं बुंधे मुळांपर्यंत उघडे. त्यातल्या एका बुंध्याला, अगदी खाली, मी होडी बांधली. आमच्याकडं बैल आखूड बांधतात, नाहीतर तो शेजाऱ्याच्या तुरीत शिरतो. माझा बैल आजवर कोंडवाड्यात गेलेला नाही, हे उस्मानभाईंना ऐकवून मी वीतभर दोरी ठेवली आणि गाठीवर गाठ मारली.

टेकडी चढताना करवंदीच्या जाळीनं माझं अर्धं धोतर ठेवून घेतलं. माथ्यावर पोचलो आणि एकदम सगळीकडं समुद्रच. उस्मानभाई नुसतं "या अल्लाह" म्हणाले. मी गप्प झालो, हे घरी कुणी खरं मानणार नाही. खाली पुळणीवर त्यांनी दुपारचा नमाज पढला, मी दशम्या सोडल्या. पाणी खरंच खारट आहे का, हे मी चाखून पाहिलं. पुन्हा एकदा चाखलं. खारटच होतं.

परत आलो तर होडी नव्हती. बुंधेही नव्हते, तिवरांचे नुसते शेंडे पाण्यावर डुलत होते. भरती मला ठाऊक होती, शाळेत शिकलो होतो. ती माझ्या होडीपर्यंत येईल असं गुरुजींनी सांगितलं नव्हतं. पाणी चढलं, दोरीनं होडीला चढू दिलं नाही, आणि नाकाकडून भरून ती तळाशी गेली होती.

मी चाकू काढून छातीएवढ्या पाण्यात शिरलो. दोरी कापली की ती वर येईल, असा माझा हिशेब. तेवढ्यात भिकू शेजाऱ्याच्या होडीतून ओरडत आला.

"कापू नका, दादा. सुटली तर सुकती (ओहोटी) तिला पार दर्यात न्हेल."

त्यानं बुडी मारून होडी चाचपली. मग काठावर येऊन बसला. पाणी उतरेपर्यंत करण्यासारखं काही नव्हतं. त्यानं मला शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. सुकतीला ओढ भारी, दोरी टिकायला हवी, असं त्यानं उस्मानभाईंना हळूच सांगितलं. मग आम्ही तिघंही पाण्याकडं बघत राहिलो.

ऊन उतरलं तेव्हा आधी तिवराचा बुंधा दिसला, मग होडीचं नाक. दोरी टिकली होती. नवी फळी मात्र उकलली होती. गाठ भिजून दगड झालेली. भिकूनं ती दातांनी सोडवली.

"गाठ पक्की मारलीत," तो म्हणाला. "पर होडीला चढायला दोरी ठेवायची असते."

त्या संध्याकाळी त्याचं जाळं दारातच राहिलं. तरी त्याच्या घरून आम्हांला तांदळाची भाकरी आणि माशाचं कालवण आलं. उस्मानभाई चवीनं जेवले. मी भाकरीचा एकच तुकडा कालवणात बुडवत राहिलो.

दुसऱ्या दिवशी बोटीपर्यंत भिकूनंच पोचवलं, त्याच होडीतून. फळीत चिंध्या आणि राळ कोंबली होती, तरी पाणी झिरपत होतं. मी वाटभर करवंटीनं ते उपसत होतो. बोटीशी आल्यावर त्यानं दोरी माझ्या हातात दिली. "बांदा," म्हणाला. मी इतकी ढिली बांधली की होडी वाहत बोटीच्या दुसऱ्या टोकाला गेली. भिकू पहिल्यांदा हसला.

बोट सुटली. आमच्या विहिरीचं पाणी महिनोन्‌महिने उतरतं. त्याच्याकडं पाहून काय करायचं ते ठरवायला सवड मिळते. इथं ते दिवसातून दोनदा चढतं-उतरतं, माणसाला रोज तेवढ्यातल्या तेवढ्यात ठरवावं लागतं, आणि तरी तो आपली होडी अनोळखी माणसाच्या हाती देतो, एवढंच माझ्या मनात घोळत होतं.

भिकू एका हातानं वल्हवत, एका हातानं पाणी उपसत परत चालला होता. आम्ही कठड्याशी दिसलो की तो उपसणं थांबवून हात हलवी, आणि तेवढ्यात होडीत पाणी भरे. मी चटकन खाली बसलो.

"काहून बसले, भाऊ? पुन्हा ओकारी?"

"तो हात हलवून राह्यला ना," मी म्हणालो.

उस्मानभाईंनी एकदा वाकून पाहिलं आणि तेही माझ्याशेजारी खाली बसले.